घरी इंजिन बदलले तरी जुनी गाडी तापतेच: कारण कुठे शोधावे?

जुन्या गाडीचे इंजिन घरीच उतरवून दुसरे बसवणाऱ्यांची एक तक्रार नाशिकमध्ये सतत कानावर येते. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते, धूर नाही, आवाजही नरम आहे. पण द्वारका चौकाच्या गर्दीत थोडी अडकली किंवा मुंबईहून परतताना कसारा घाट चढू लागली, की तापमानाचा काटा पुन्हा लाल रेघेकडे सरकतो. मग कोणीतरी ‘हेड पॅकिंग गेले’, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले गॅस्केट गेले, असे सांगतो, हेड उघडले जाते, फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, नवे पॅकिंग पडते, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा गाड्यांत दोष बहुधा नव्याने बसवलेल्या इंजिनात नसतो. आधीचे इंजिन ज्या कारणाने तापून निकामी झाले, ते कारण गाडीतच राहिलेले असते. रेडिएटर तोच, त्याचे झाकण तेच, पंखा तोच, होज पाइप तेच आणि वायरिंगही तेच. त्यात घरी काम करताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टींची भर पडते. म्हणून हेडच्या बोल्टला पाना लावण्यापूर्वी बाहेरचे सगळे तपासून घ्यावे, आणि ते कोणत्या क्रमाने तपासावे हे येथे सविस्तर मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः मारुती ८०० ची आहेत, कारण डिसेंबर १९८३ पासून २०१४ च्या सुरुवातीपर्यंत तयार झालेली ही ७९६ सीसीची तीन सिलिंडरची गाडी घरी काम करणाऱ्यांच्या हाती सर्वाधिक येते. तरी ऑम्नी, झेन, सँट्रो अशा पाण्याने थंड होणाऱ्या कोणत्याही जुन्या गाडीला यातले बहुतेक सारे लागू पडते.

इंजिन अजून विकत घ्यायचे असेल, तर दोन गोष्टी आधीच सांगतो. इंजिनचा क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो. त्यामुळे बदलापूर्वी पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयात मंजुरीची चौकशी करावी आणि विक्रेत्याकडून इंजिन क्रमांक लिहिलेली पक्की पावती घ्यावी, नाहीतर पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या वेळी तपासणीत गाडी अडते. दुसरे म्हणजे, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेले असो की नाशिकच्या भंगारातले, इंजिन महिनोन्महिने उघड्यावर पडून राहिलेले असते. थर्मोस्टॅटचे, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणाऱ्या झडपेचे, घर उघडून आत टॉर्च मारावी. पाण्याच्या वाटेत तांबडा गाळ दिसला, तर ते इंजिन टाकाऊच असते असे नाही, पण तो गाळ न काढता इंजिन बसवले, तर तो काही दिवसांत रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. थर्मोस्टॅट काढून, बागेच्या नळीने आधी उलट्या आणि मग सुलट्या दिशेने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणे हे इंजिन जमिनीवर असतानाच करून घ्यावे. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली पत्र्याची गोल झाकणेही तेव्हाच बोटाने चाचपावीत, कारण इंजिन गाडीत गेल्यावर त्यांतली काही हाताला लागत नाहीत आणि गंजलेल्या झाकणातून पाणी थेंबाथेंबाने जात राहते.

गाडी केव्हा तापते?

तपासणीची सुरुवात या प्रश्नाने करावी. सिग्नलला उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो, असे असेल तर दोष हवेच्या बाजूला, म्हणजे पंख्याकडे आहे. गर्दीत नीट चालते पण वेगात किंवा चढाला तापते, असे असेल तर दोष पाण्याच्या फिरण्यात, रेडिएटरमध्ये किंवा टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेत, आहे. कधीही, कसेही, काही नियम नसल्यासारखे तापत असेल, तर आत हवा अडकली आहे किंवा काटाच खोटे सांगतो आहे. आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तरच हेड पॅकिंगचा संशय पुढे आणावा. मिस्त्रीला गाडी दाखवायची झाली, तरी हे निरीक्षण त्याला सांगितल्याने निम्मे काम होते.

पंख्याची तपासणी

पंखा फिरतो की नाही एवढेच पाहून लोक समाधान मानतात, पण तो कोणत्या दिशेने हवा ढकलतो हे कोणी पाहत नाही. सिडकोतील एका शेजाऱ्यांच्या ८०० मध्ये पंखा वेळेवर सुरू होत होता, आवाजही नेहमीचा होता, तरी गाडी गर्दीत तापायची आणि रस्त्याला लागली तरी म्हणावी तशी थंड व्हायची नाही. वर्तमानपत्राचा एक कागद रेडिएटरच्या जाळीसमोर धरला, तेव्हा तो जाळीला चिकटण्याऐवजी उडून बंपरवर पडला. इंजिन उतरवताना पंख्याचे कनेक्टर तुटले होते आणि वायरी पुन्हा जोडताना अधिक-उणे उलटले होते. मोटर उलटी फिरत होती आणि गाडीच्या वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजत होती. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला घट्ट चिकटलाच पाहिजे. ही चाचणी फुकट आहे आणि सर्वांत आधी करावी.

पंखा सुरूच होत नसेल, तर फ्यूज आणि रिले पाहून मग थर्मो स्विचकडे, म्हणजे पाणी तापल्यावर पंखा सुरू करणाऱ्या स्विचकडे, जावे. जुन्या, दोन पिनांच्या साध्या स्विचचे कनेक्टर काढून त्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडले आणि चावी चालू असताना पंखा फिरला, तर मोटर व वायरिंग ठीक असून स्विच बाद आहे असे समजावे. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या, गाडीत पंख्याचा हुकूम बहुधा ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या छोट्या संगणकाकडून, येतो, म्हणून तेथे वायरींना असे शॉर्ट करू नये. इंजिन चालू असताना तापमानाच्या सेन्सरचे कनेक्टर काढले की अनेक गाड्यांत ईसीयू खबरदारी म्हणून पंखा स्वतःच सुरू करते, तेवढी खूण पुरेशी आहे. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कव्हर इंजिन बसवताना ‘आड येते’ म्हणून काढून ठेवले असेल, तर ते परत लावावे. त्याशिवाय पंखा समोरून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच पुन्हा घुसळतो.

रेडिएटर, झाकण आणि होज

गाडी घरी तापवून बंद करावी, पंख्याचे कनेक्टर काढून ठेवावे आणि रेडिएटरच्या जाळीवरून हळूच तळहात फिरवावा. वरून खाली किंवा एका टाकीकडून दुसरीकडे उष्णता सावकाश कमी होत गेली पाहिजे. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तेवढ्या नळ्या चोंदल्या आहेत. पितळी रेडिएटर असेल तर टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घेता येते. प्लॅस्टिक टाकीचा अॅल्युमिनिअम रेडिएटर मात्र सरळ बदलावा, त्याच्या डागडुजीवर घातलेले पैसे सहसा वाया जातात.

झाकणाकडे फारच थोडे लोक लक्ष देतात, आणि नाशिकमध्ये त्याचे महत्त्व किंचित जास्तच आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. ०.९ बारचे झाकण नीट दाब धरत असेल, तर तेच साधे पाणी ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाचे रबर आणि स्प्रिंग जवळजवळ वीस अंशांची सवलत देतात. ती गेली, की एप्रिल-मेच्या चाळिशीच्या उन्हात ठणठणीत इंजिनही उकळी मारते, आणि एकदा वाफ झाली की वाफेच्या जागी धातू थंड होत नाही. झाकणाला दुसरे कामही असते. इंजिन गार होताना बाजूच्या बाटलीतले पाणी आत परत ओढून घेण्यासाठी त्याच्या मध्यभागी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला, तर हा व्हॉल्व्ह अडकला आहे. होज ठीक असून बाटलीतले पाणी कमी होत नाही आणि रेडिएटर मात्र रिकामा होतो, असे असेल तर बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर गेली आहे आणि गाडी रोज रात्री पाण्याऐवजी हवा ओढते आहे. ‘दर आठ दिवसांनी पुन्हा तापते’ या तक्रारीमागे ही नळी मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता बॉनेट उघडल्यावर माझी नजर आधी तिकडेच जाते.

खालचा होज हा पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. इंजिन गरम असताना कोणाला तरी अॅक्सिलरेटर दाबायला सांगून त्याच्याकडे पाहावे. वेग वाढताना तो आत बसत असेल, तर तो सडला आहे किंवा त्याच्या आतली तारेची स्प्रिंग जुन्या होजबरोबर फेकली गेली आहे. चढाला तापणाऱ्या गाडीत ही तपासणी चुकवू नये.

हवा कशी काढावी

घरी बदललेल्या इंजिनांत सर्वाधिक सापडणारे कारण हेच आहे. पाण्याची सारी वाट रिकामी झालेली असते, रेडिएटर भरून झाकण लावले जाते आणि हेडच्या किंवा हीटरच्या उंच भागात हवेचा फुगा राहतो. सेन्सर त्या फुग्यात सापडला, तर काटा खालीच राहतो आणि हेड मात्र भाजत असते. तोच फुगा पुढे सरकला की काटा एकदम उसळतो.

गाडीचे तोंड वर येईल अशा उतारावर ती उभी करावी, किंवा पुढची चाके रॅम्पवर घ्यावीत. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून, हीटर असेल तर त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटर गळ्यापर्यंत सावकाश भरावा. पाणी-कूलंटचे मिश्रण ओतताना वरचा होज हाताने दाबत-सोडत राहावे. बुडबुडे वर येताना दिसतात. वाटेत कोठे हवा काढण्याचा छोटा स्क्रू दिला असेल, तर तो सैल करून पाण्याची सलग धार येईपर्यंत थांबावे. नंतर झाकण न लावता इंजिन सुरू करून मंद चालू द्यावे. थर्मोस्टॅट बंद असेतो वरचा होज कोमट राहतो. तो साधारण ८२ ते ८८ अंशांदरम्यान उघडला की होज एकाएकी हाताला चटका देतो आणि त्याच क्षणी रेडिएटरमधली पातळी खाली जाते. तेव्हा पुन्हा भरावे. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत थांबावे, मग झाकण लावून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवावी. दुसऱ्या दिवशी, थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी, कारण उरलेली थोडी हवा रात्रीतून वर येते. गरम इंजिनचे झाकण काही झाले तरी उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येते.

भरायचे काय, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे थंडीत निफाडचा पारा दोन-तीन अंशांपर्यंत खाली जातो, पण पाणी गोठण्याची भीती येथे खरी नाही. कूलंट हवे ते गंज थांबवण्यासाठी आणि उकळण्याचा अंश वाढवण्यासाठी. बोअरवेलचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालणे म्हणजे नळ्यांत स्वतःच्या हाताने चुना भरणे होय. पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीत घालायचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे, आणि बाटलीवर ‘तयार मिश्रण’ असे लिहिले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो मानू नये असे माझे मत आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाटही बंद करतो. तो नसला तर पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच फिरत राहतो आणि गाडी उलट जास्त तापते. शिवाय थंडीत इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि ऑइल चिकट होते. थर्मोस्टॅटविषयी शंका असेल, तर तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, बाजूला थर्मामीटर ठेवून गॅसवर तापवावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला तर ठीक. पाणी उकळू लागले तरी तो मिटलेलाच असेल, तर नवा आणावा.

काटा खोटे सांगत असेल तर

हेडलाइट लावताच काटा वर चढतो आणि बंद करताच उतरतो, असे दिसले तर तापमानाशी त्याचा संबंध नाही. इंजिन उतरवताना ब्लॉकपासून बॉडीकडे किंवा बॅटरीकडे जाणारी अर्थिंगची जाड पट्टी सोडलेली असते आणि ती परत लावायची राहते, किंवा रंग व गंज न खरवडता तशीच आवळली जाते. मग सेल्फचा मोठा प्रवाह क्लच केबल नाहीतर अॅक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबलचे आवरण गरम लागले किंवा वितळलेले दिसले, तर शंकेला जागाच उरत नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या उणे टर्मिनलवर आणि दुसरे ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, तर अर्थिंग सुधारल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवू नये. नव्या इंजिनबरोबर आलेला सेन्सर वेगळ्या मॉडेलचा असला तरी काटा चुकीचा चालतो, म्हणून जुन्या इंजिनवरचा चालू सेन्सर काढून त्यावर बसवणे बरे.

टायमिंग आणि ब्रेक

हवा, पाणी, वायरिंग सारे ठीक असून गाडी चढालाच तापते आणि ओढतही नाही, तर टायमिंग पाहावे. टायमिंग बेल्टची खूण एक दात सरकली, किंवा कार्बोरेटरच्या ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर अंदाजाने आवळला, तर ठिणगी उशिरा पडते. पेट्रोल सिलिंडरमध्ये वेळेत जळत नाही आणि उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने हेडमध्ये उतरते. टायमिंग लाइट लावून खूण जुळवणे हाच खरा उपाय. कानाने टायमिंग लावणारे उत्तम मिस्त्री आहेत, पण नव्या इंजिनावर ती जोखीम घेऊ नये. एकदा सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडूनही पाहावी. ती लगेच थबकत असेल, तर ब्रेक धरून राहिले आहेत आणि इंजिन बिचारे विनाकारण ओझे ओढते आहे.

आता हेड पॅकिंग

येथवर काहीच सापडले नाही, तर हेडकडे वळावे, तेही पुराव्यानिशी. हवा पूर्ण काढल्यानंतरही रेडिएटरच्या तोंडाशी सतत बारीक बुडबुडे येत असतील, तर एकेका प्लगची वायर काढून पाहावे. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर बुडबुडे कमी होतात, त्याच्यापाशी गळती आहे. ही चाचणी कार्बोरेटरच्या गाडीवरच करावी, आणि काढलेली वायर हवेत लोंबती न ठेवता जास्तीच्या प्लगला जोडून तो प्लग ब्लॉकला टेकवून ठेवावा. निळ्या द्रवाचे तपासणी यंत्र मिळाले तर उत्तम: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढल्यावर द्रव पिवळा झाला, तर जळालेला वायू पाण्यात येत आहे हे नक्की. कॉम्प्रेशन गेज लावल्यास शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकाच वेळी कमी दिसणे हीही पॅकिंगचीच खूण आहे.

हेड उघडावेच लागले, तर फक्त पॅकिंग बदलून ते परत बसवू नये. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खाली फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचे माप, सरकवावे; ०.०५ मिमीची पाती आत जात असेल, तर हेड वाकले आहे आणि फेसिंग लागेल. ब्लॉकचा वरचा भागही तसाच मोजावा. तो कोणी मोजत नाही, आणि फेस मारलेले हेड वाकड्या ब्लॉकवर बसल्यामुळेच पॅकिंग पुन्हा जाते. बोल्टांची भोके पाणी व ऑइलपासून कोरडी करावीत, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्यानेच आवळावेत, आणि टॉर्कचा आकडा त्या इंजिनच्या पुस्तिकेतलाच घ्यावा.

दुरुस्तीनंतर थेट कसारा घाटात जाऊ नये, कारण चढ परतीच्या वाटेवर येतो आणि तेथे बिघडल्यास गाडी टो करूनच आणावी लागते. आधी संध्याकाळी मुंबई नाका ते द्वारका या गर्दीत ती उभी-चालती ठेवावी, म्हणजे पंख्याची परीक्षा होते. मग त्र्यंबक रोडने सुमारे तीस किलोमीटर जाऊन यावे. पाण्याची बाटली, जुने फडके आणि जास्तीचा होज क्लॅम्प सोबत असावा. परतल्यावर गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. ती गळ्यापर्यंत असेल आणि बाटलीतली खूण आदल्या दिवशीइतकीच असेल, तर पुढच्या रविवारी घाटाकडे निघायला हरकत नाही. पातळी खाली गेली असेल, तर झाकण आणि बारीक नळी पुन्हा तपासून मगच हेडकडे पाहावे.